फटींच्या घरात राहायला या

तुम्हाला गावाबाहेर घर हवंय. साधंसुधं, ओंडक्यांच्या भिंतींचं, रुंद शेकोटीचं, वर जाडजूड तुळया उघड्या दिसणारं. मुळशीकडच्या कुठल्याशा रिसॉर्टमध्ये दोन रात्री काढल्यापासून हे खूळ डोक्यात शिरलंय, आणि ते काढायचा नाद घरच्यांनी केव्हाच सोडलाय. ठीक आहे. मग नकलेवर समाधान कशाला मानायचं? अस्सल माल जिथे तयार झाला तिथेच जाऊ. स्वेटर असू द्या, कानटोपीही घ्या. चाकांची बॅग मात्र इथेच राहू दे.

चला, टाका पाऊल. सांभाळून! खाली फरशी नाही, घोट्यापर्यंत कुजलेली पानं आहेत.

आधी नाक जागं होतं. ओली माती, अळंबी, बैलांचा घाम आणि कुठून तरी येणारा लाकडाचा धूर. डोळ्यांना जरा वेळ लागतो, कारण भर दुपार असूनही उजेड कसा तो नाही. बीच, ओक, हिकरी, अक्रोड आणि सगळ्यांच्या वर मान काढून उभे असलेले सरळसोट ट्यूलिप पॉपलर. दोघांनी हात पसरून कवेत घ्यायचं म्हटलं तरी खोड पुरून उरतं. अर्धी पानगळ झालीय, तरी आभाळ चिंध्या चिंध्याच दिसतं. मनगटाएवढ्या जाड रानद्राक्षाच्या वेली वरून लोंबतात आणि नेमक्या तुमचीच कानटोपी उचलतात.

हे दक्षिण इंडियाना, साल 1816. ओहायो नदी तराफ्यावरून ओलांडून दोन दिवस झाले, पण अंतर असं फारसं कापलेलं नाही. गाडीच्या पुढे एकजण कुऱ्हाड घेऊन चालतो, आडवं येईल ते तोडतो, मग बैल चार पावलं टाकतात, मग पुन्हा थांबा. वाटेची खूण म्हणून खोडांची साल तासून ठेवलीय. त्या पांढऱ्या डागांमागून जायचं. डाग चुकला की वाट चुकली. मूळ पायवाटा डेलावेअर आणि शॉनी लोकांच्या. त्यांना इथून हुसकावून फार वर्षं झालेली नाहीत, आणि बरोबरच्या मंडळींना त्या विषयावर बोलायला फारसं आवडत नाही, हे तुमच्या लगेच लक्षात येईल.

बोलायला आवडतं ते यंदाच्या हवेबद्दल. पूर्वेकडे न्यू इंग्लंडात जूनमध्ये बर्फ पडलं, मका उभ्या शेतात काळा पडला. तिकडच्या कितीतरी लोकांनी गाशा गुंडाळला आणि पश्चिमेची वाट धरली. कोणी सूर्यावरच्या डागांना बोल लावतो, कोणी देवाच्या कोपाला. तुम्हाला ठाऊक आहे की आदल्या वर्षी पार इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि हा सगळा त्याचा प्रताप आहे. पण गप्प बसा. नवीन माणसाने पहिल्याच दिवशी वेड्यात निघू नये.

गाडी थांबते. आलं तुमचं घर.

कुठाय म्हणता? इथेच. हे सगळं तुमचं: 160 एकर, एकरी 2 डॉलर भावाने. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे 80 डॉलर, व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत आधी भरायचा, उरलेले हप्त्याने. यापेक्षा लहान तुकडा सरकार विकत नाही. झाडं जमिनीबरोबर फुकट. भिंती, छप्पर, जमीन, पलंग, ताटवाट्या सगळं तुमच्यासमोर उभं आहे, फक्त अजून त्याला पानं आहेत.

तोवर राहायचं कुठे? तर तीन बाजू बंद आणि एक बाजू सताड उघडी अशा आडोशात. दोन झाडांच्या मधे आडवी दांडी, तिच्यावर कललेल्या फांद्या, वर पालापाचोळा. उघड्या बाजूला जाळ, तो रात्रंदिवस विझू द्यायचा नाही. या मुक्कामात तुम्हाला स्वतःच्या देहाबद्दल एक नवीन गोष्ट कळते: माणसाला एकाच वेळी पुढून भाजता येतं आणि मागून गोठता येतं. वारा फिरला की धूर आत. डोळे चुरचुरतात, नाक वाहतं, केसांना, कपड्यांना, भाकरीला, सगळ्याला तोच एक वास. तुम्हाला आठ दिवसांत तो यायचा बंद होईल. तुमच्या मुंबईच्या मेव्हण्याला तो लांबून आला असता.

तुमच्यानंतर थोड्याच दिवसांनी, डिसेंबरात, लिटल पिजन क्रीकजवळ केंटकीहून आणखी एक कुटुंब येऊन असंच आडोशाला पडणार आहे. आडनाव लिंकन. त्यांचा सात वर्षांचा एब वयाच्या मानाने थोराड. आल्या आल्या त्याच्या हातात कुऱ्हाड दिली जाईल. त्यामुळे तुम्ही हातावरच्या फोडांची तक्रार करणार असाल तर जरा आजूबाजूला बघून करा.

फोड येणारच. हिकरीचा दांडा पहिल्या दिवशी गुळगुळीत वाटतो, तिसऱ्या दिवशी त्याची प्रत्येक रेघ तळहाताला पाठ होते. ट्यूलिप पॉपलर त्यातल्या त्यात दयाळू झाड. सरळ वाढतं, लवकर तुटतं, तासायला मऊ. घाव बसला की पिवळट हिरव्या ढलप्या उडतात आणि एक गोडसर, किंचित मसालेदार वास सुटतो. झाड पडताना आधी आत काहीतरी कडकडतं, मग शेंड्याकडून मोठा सुस्कारा येतो, मग जमीन पायाखालून हलते. त्यानंतर क्षणभर जंगलातली प्रत्येक खार, प्रत्येक पाखरू चूप. अशी चाळीसएक खोडं लागणार. अठरा फुटांवर तोडा, बैलाला साखळीने जुंपा, ओढा, रचा.

आणि मग तो दिवस उजाडतो. इर्जिक घातल्यासारखी माणसं गोळा होतात. तुम्ही कोणालाच ओळखत नाही, पण ती आलीत. मैल-दोन मैल, पाच मैल, पायी, घोड्यावर, खांद्यावर कुऱ्हाड टाकून. मजुरीचा विषय काढू नका, लोक दुखावतील. फक्त दोन गोष्टींची सोय हवी: जेवण भरपूर, आणि मक्याच्या दारूचा बुधला फिरता.

पहाटेचं गवत हिमाने कुरकुरतंय. चार सर्वांत तरबेज कुऱ्हाडवाले चार कोपऱ्यांवर जातात. आज त्यांचा मान. बाकीच्यांनी ओंडके चढवायचे. तुम्ही अर्थातच बाकीच्यांत. भिंतीला दोन लांब वासे तिरके टेकवतात, त्यांवरून ओंडका गडगडवत वर न्यायचा. खालून आठ-दहाजण दुबेळक्याच्या काठ्यांनी रेटतात, कोणीतरी आरोळी ठोकतो, सगळ्यांचा दम एकदम सुटतो आणि ओंडका हातभर सरकतो. पुन्हा आरोळी. घाम डोळ्यांत उतरतो. शेजारच्याच्या हरणाच्या कातड्याच्या विजारीला ओलं झाल्यावर येतो तो वास तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आहे. मधेच ओंडका एका बाजूने घसरतो, कोणीतरी शिवी हासडतो, कोणीतरी खांदा देतो. हसू नका, या खेळात माणसं चिरडलीही आहेत.

जरा दम घ्या आणि कोपऱ्यावरच्या माणसाकडे बघा. पाय भिंतीच्या दोन बाजूंना टाकून तो ओंडक्यावर घोडा केल्यासारखा बसलाय. खालच्या ओंडक्याचं टोक त्याने घराच्या छपरासारखं दुउतार तासलंय. वरच्याच्या पोटाला उलट्या 'व्ही'सारखी खाच. ती पाडताना तो मोजत नाही, पट्टी नाही, खडूही नाही. दोन घाव इकडून, दोन तिकडून, मधली ढलपी बोटाने उडवली की झालं. वरून ओंडका येतो, बसतो, एक बोदा आवाज करतो आणि मग हलत नाही. खिळा एकही नाही. खाच अशी का, विचारा. पावसाचं पाणी उतारावरून बाहेर पडतं, कोपऱ्यात साचत नाही, लाकूड कुजत नाही. एवढं सांगून तो थुंकतो आणि पुढच्या ओंडक्याची वाट बघतो. ही कला इंग्रजांची नव्हे. त्यांचे पहिले वसाहतवाले ओंडक्यांची घरं बांधतच नव्हते. 1638 साली डेलावेअर नदीकाठी उतरलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी ती आपल्याबरोबर आणली, पुढे जर्मन आले तेही आपली खाच घेऊन आले. कोपऱ्यावरच्या माणसाला यातलं काही माहीत नाही. त्याला त्याच्या बापाने शिकवलं.

दुपारी बायका हाक मारतात. बिडाच्या मोठ्या भांड्यात हरणाचं मांस आणि भोपळा रटरटतोय, निखाऱ्यांवर मक्याचे रोट भाजलेत, त्यांची खालची बाजू राखेने करडी. राख झटकून खा. शाकाहारी असाल तर रोट, भोपळा आणि मध आहे. मध झाडाच्या ढोलीतला, आणि त्यात मेलेल्या दोन-चार माशा आहेत त्या तुम्ही पाहिल्या नाहीत. बुधला तुमच्यापर्यंत येतो. घोट घशातून उतरतो तो सरळ पायाच्या अंगठ्यापर्यंत. नाही म्हणता येतं, पण मग पुढच्या ओंडक्याला सगळे तुमच्याकडेच बघतात.

सूर्य कलेपर्यंत चार भिंती उभ्या. तुम्ही भोवती एक फेरी मारता, दुसरी मारता, आणि हळूच विचारता, दार कुठाय? सगळे खदाखदा हसतात. दार अजून कापायचंय! आधी पेटी पुरी करायची, मग तिला तोंड. दोघेजण करवत लावतात, कापलेल्या टोकांना उभ्या फळ्या मारून लाकडाच्या खुंट्या ठोकतात, आणि भिंतीतून तुकडा तुकडा गळून पडत माणसाएवढं भगदाड होतं. जा, आत जा. तुमचंच आहे.

आत गेल्यावर कळतं की आपण भिंती नव्हे, फटी बांधल्यात. ओंडका कितीही सरळ असो, दोन ओंडक्यांच्या मधे कुठे बोट, कुठे पंजा जाईल एवढी फट राहतेच. मावळतीचा उजेड सगळ्या फटींतून आडवा घुसलाय. पट्टे तुमच्या अंगावर, पट्टे जमिनीवर. बाहेरून एक पोरगं डोळा लावून तुमच्याकडे बघतंय. हे घर निम्मं लाकडाचं आणि निम्मं हवेचं आहे, आणि इथून पुढे तुमचं बहुतेक आयुष्य ती हवा बुजवण्यात जाणार आहे.

छप्पर ओकच्या चार-चार फुटी फळ्यांचं. फळ्या करवतीने कापायच्या नाहीत, लाकडाच्या रेषेने चिरायच्या. लांब पात्याला मोगरीचा ठोका द्यायचा, दांडा पिळायचा, लाकूड 'टर्र' करत आपणहून उकलतं. त्या एकावर एक पांघरायच्या आणि वर आडव्या वाशांचं ओझं ठेवायचं. खिळे महाग, वजन फुकट. पाऊस सहसा आत येत नाही. बर्फाची गोष्ट वेगळी. पहिल्या हिमवादळानंतरच्या सकाळी तुम्ही जागे होता तेव्हा गोधडीवर पिठासारखा पांढरा थर असतो. ओरडू नका. हळूच कडा उचला, जमिनीवर झटका, आणि बूट घालण्याआधी बुटातलंही बाहेर काढा.

पलंगाला पाय एकच. खोलीचा कोपरा धरायचा, एक दुबेळकं जमिनीत रोवायचं, त्यातून दोन दांड्या काढून भिंतींच्या फटींत खुपसायच्या. बघा, फट कामालाही येते. वर मक्याच्या कणसांची सालं भरलेली गादी. कूस बदलली की सगळं घर जागं होतं. कोणी पाहुणा मुक्कामाला आला तर तोही याच खोलीत, जाळाकडे पाय करून, जमिनीवर. बायका झोपायला जाताना पुरुषांनी बाहेर जाऊन तारे बघायचे, हा इथला शिष्टाचार. तुमच्या 'स्वतंत्र बेडरूम'चं काय झालं, हे विचारू नका. माळ्यावर मुलं झोपतात. जिना म्हणजे भिंतीत ठोकलेल्या खुंट्या.

आता बाह्या सरसावा. फटी बुजवायच्या.

ओहोळाच्या काठची चिकणमाती आणलीय. तिच्यात वाळलं गवत आणि हाताला लागतील ते जनावराचे केस मिसळायचे. पायाने तुडवायची. पाणी इतकं गार की पहिल्या मिनिटात पाय दुखतात, दुसऱ्या मिनिटात पाय आहेत की नाही कळत नाही. आधी फटीत ढलप्या तिरक्या खोचायच्या, घट्ट, एकीवर एक. मग मातीचा गोळा उचलायचा आणि तळहाताच्या टाचेने आत फेकल्यासारखा दाबायचा. नुसता लिंपलात तर गळून पडेल. अंगठा कडेने फिरवा, खालची कड बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा, पाणी थांबता कामा नये. गवताची काडी नखाखाली जाते, जाऊ द्या. आतून तुम्ही दाबता तेव्हा बाहेरून दुसरं कोणी दाबतं, आणि मधे ढलप्यांवर तुमच्या दोघांच्या मुठी क्षणभर एकमेकींना जाणवतात. एक फट झाली. अशा भिंतभर. चारही भिंतभर.

आणि हे सगळं वसंतात पुन्हा करायचं, कारण लाकूड ओलं आहे. जाळाच्या उबेने ते आतून सुकतं, आकसतं, रात्री धाडकन तडकतं (पहिल्यांदा तुम्हाला गोळीच झाडली असं वाटेल) आणि माती सुटून पडते. शेजारीपाजारी कित्येकांची माती पडून तशीच राहते. लिंकनांचंच बघा. त्यांचं नवीन घर उभं राहिलं, आणि एबला आठवं वर्ष पुरं व्हायला थोडेच दिवस असताना, बाप घरी नव्हता तेव्हा, दाराशी रानटर्कींचा कळप आला. पोराने बंदूक घेतली, घरातच उभं राहून भिंतीच्या फटीतून नेम धरला आणि एक टर्की पाडली. त्यानंतर त्याहून मोठ्या जनावरावर आपण कधी चाप ओढला नाही, असं त्याने मोठेपणी स्वतःच लिहून ठेवलं. भिंत नीट लिंपलेली असती तर एका घरी त्या रात्री टर्की शिजली नसती.

तुमच्या डोक्यातली ती दगडी शेकोटी, तिचं काय? दगड सगळीकडे मिळत नाही आणि वेळ तर कुठेच मिळत नाही, म्हणून धुराडं काटक्यांचं. काटक्या चौकोनी रचायच्या आणि आतबाहेर मातीचा जाड लेप. होय, बरोबर ऐकलंत, धुराडं लाकडाचं. आतली माती पडली की काटकी पेटते. यावर तोडगा असा, की धुराडं भिंतीपासून थोडं बाहेर कललेलं ठेवायचं आणि त्याला वाशांचा टेकू द्यायचा. पेटलंच तर टेकू लाथेने उडवायचा, धुराडं बाहेर कोसळतं, घर वाचतं. शेकोटी मात्र तुमच्या स्वप्नापेक्षाही रुंद. मागे टाकायचा ओंडका एवढा मोठा की तो घोड्याने दारातून ओढत आणतात. आपल्याकडे घरात पाहुणा आला की चहा टाकतात, इथे घोडा येतो आणि कोणी मान वर करत नाही.

जाळ जेवढा मोठा, तेवढी हवा तो फटींतून आत ओढतो. म्हणजे शेकोटी जोरात असेल तेव्हाच पाठीला वारा सर्वांत जास्त. खिडकीला काच नाही. डुकराची किंवा अस्वलाची चरबी चोळलेला कागद ताणून लावलाय. त्यातून उजेड येतो, बाहेरचं मात्र काही दिसत नाही. संध्याकाळी दिव्यात हीच चरबी. तिचा धूर, ओल्या लोकरीचा, वाळत टाकलेल्या कातड्याचा, आढ्याला टांगलेल्या भोपळ्याच्या चकत्यांचा आणि सात-आठ न धुतलेल्या माणसांचा वास, असा तो सगळा एकजीव घरगुती वास. ज्याला आपण 'रस्टिक' म्हणतो.

सकाळी कोणाच्याही आधी ऐकू येतो तो ठोका. बुंध्याला जाळून पाडलेल्या खळग्यात मका, वर लवचीक फांदीला बांधलेलं मुसळ. खाली ओढलं की ठोका, सोडलं की फांदी ते वर उचलते. गिरणी कोसांवर, तिथे गेलं तर रांग. मग कांडा. कण्यांची पेज सकाळी, रोट दुपारी, रात्री पुन्हा पेज. मीठ जपून, कॉफी नाहीच. मका करपवून त्याचा काढा प्यायचा आणि तोंड वाकडं न करता 'छान झालीय' म्हणायचं. थंडी पक्की झाली की डुकरं मारायचा दिवस येतो. उकळत्या पाण्याची वाफ, ओरबाडलेल्या केसांचा उग्र दर्प, पोरांचा गलका. त्याच चरबीचा पुढे साबण. राखेच्या पिंपातून पाणी झिरपवायचं आणि त्यात अंडं सोडायचं. अंडं तरंगलं तर पाणी पुरेसं तिखट. हात बुडवून बघू नका, अंड्यावर विश्वास ठेवा.

वसंत आला की बर्फ जातं आणि त्याच फटींतून बाकी सगळे येतात. गांधीलमाशा ओंडक्यांच्या सालीखाली घर करतात, तळच्या ओंडक्यांखाली कोंबड्या आणि कधी कधी साप. डबक्यांवर बेडूक, आणि बेडकांच्या आवाजातही ऐकू येईल एवढे डास. दाराशी ओला पाला जाळून धूर करतात, तेवढ्यापुरतं बरं. उन्हाळा सरता सरता सगळं गाव थडथडू लागतं. दुपारी अचानक हुडहुडी, दात वाजतात, पलंगाची एकुलती टांगही थरथरते, मग अंग भाजून निघतं, मग घाम. एक दिवस आड. लोक त्याला आजार मानतच नाहीत. 'उद्या येऊ नका, उद्या माझा थंडीचा दिवस आहे' असं सांगून कामं ठरवतात. दोष देतात तो दलदलीच्या हवेला. मानेवर बसलेल्याला कोणी काही बोलत नाही. सिंकोनाची साल मिळाली तर दारूतून घ्यायची. कडू इतकी, की दारू त्यापुढे सरबत.

एका गोष्टीबद्दल मात्र कोणी थट्टा करत नाही. कोरड्या पानगळीत गाई जंगलात चरतात, पांढऱ्या फुलांची एक वनस्पती खातात, आणि त्यांचं दूध पिऊन माणसं मरतात. दूध दिसायला नेहमीसारखंच. 1818 च्या ऑक्टोबरात एबची आई नॅन्सी अशीच गेली. लिटल पिजन क्रीकवर त्या हंगामात आणखीही मयतं झाली. फळ्या चिरून शवपेट्या लिंकनांच्या घरच्यांनीच केल्या.

आता एक कटू सत्य. तुम्ही ज्या भिंतींवरून प्रेमाने हात फिरवताय, त्या इथल्या बाईमाणसाला डोळ्यांसमोर नको आहेत. घरधनीण रोज रात्री एकच यादी म्हणते: लाकडी जमीन, काचेची खिडकी, विटांचं धुराडं, आणि भिंतींना बाहेरून रंधलेल्या फळ्या, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला ओंडके दिसणार नाहीत. एबची सावत्र आई सारा 1819 च्या डिसेंबरात केंटकीहून आली, तेव्हा त्या घराला धड जमीनही नव्हती. तिने आल्या आल्या नवऱ्याकडून जमीन, दार, खिडकी करून घेतली, असं घरचे लोक पुढे सांगत. ओंडके म्हणजे घाई, ओंडके म्हणजे अजून बरे दिवस आलेले नाहीत. जवळ करवतीची गिरणी निघाली आणि हातात दोन पैसे खुळखुळले की पहिलं काम म्हणजे ते झाकणं. आजही त्या मुलखात एखादं जुनं, पांढऱ्या फळ्यांचं घर पाडायला घेतात आणि आतून कुऱ्हाडीच्या खुणा असलेले ओंडके निघतात. मुळशीचा तुमचा रिसॉर्टवाला सिमेंटच्या भिंतीला लाकडाचा मुखवटा चढवतो. इथे अस्सल लाकूड लपवायला लोक पैसे साठवतात. दोघांनाही समोरासमोर बसवायला हवं एकदा.

असो. बाहेर कोणीतरी आलंय. दाराच्या भोकातून खिटीची चामड्याची दोरी बाहेर सोडलेली असली की आत यायची मुभा. पण हे पोरगं दोरी ओढत नाही, फटीला तोंड लावूनच ओरडतं. ओहोळापलीकडे नवीन कुटुंब आलंय, उद्या त्यांच्या भिंती चढवायच्या आहेत, कुऱ्हाड घेऊन पहाटे या. तुम्ही उत्साहाने विचारता, कोपरा मिळेल का एखादा? थोडा वेळ फटीतून काही येत नाही. मग मागे वळून कोणाला तरी विचारल्याचा आवाज, मग हसण्याचा.

"नाही म्हणतायत. तुम्ही खालून ढकला."